सिंहासन त्यांचे, जागरण आमचे!

ऑगस्ट 2017. 'गेम ऑफ थ्रोन्स' या अमेरिकी मालिकेच्या सातव्या, म्हणजे शेवटून दुसऱ्या पर्वाचा चौथा भाग 6 तारखेला प्रक्षेपित व्हायचा होता. तो दोन दिवस आधीच महाजालावर फुटला आणि चोरीचा माग थेट मुंबईत येऊन थांबला. भारतातील प्रसारक स्टार इंडियासाठी तांत्रिक काम करणाऱ्या प्राइम फोकस टेक्नॉलॉजीज या कंपनीने स्वतःच तक्रार केली. पोलिसांनी तिच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांसह चौघांना संशयावरून अटक केली. त्या भागाचे नावही बोलके होते, 'द स्पॉइल्स ऑफ वॉर', अर्थात युद्धातील लूट!

अपराधाचा निवाडा न्यायालयाने करावा. आपण विचार करायचा तो त्या उतावीळपणाचा. त्या दिवसांत मनीषनगरातील आमच्या वसाहतीतही दर सोमवारी सकाळी तरुण मंडळी नवा भाग पाहूनच कामावर निघत. नग्नता आणि रक्तपाताने बरबटलेल्या या मालिकेवर भोगवादाचा ठपका ठेवून आपण मोकळे होतो. ठपका खराही आहे; परंतु त्याच मुलांना त्यातील राजघराण्यांच्या वंशावळी मुखोद्गत होत्या, हे कसे विसरावे? स्मरणशक्ती आहे, चिकाटी आहे, गुंतागुंतीच्या कथेची ओढ आहे. मग कुरुवंशाची वंशावळ त्यांना का सांगता येऊ नये?

उत्तर आपल्याच घरात आहे. 'घरात महाभारत वाचू नये, भांडणे होतात,' असे म्हणत आपणच तो ग्रंथ उंबरठ्याबाहेर ठेवला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 मध्ये त्याच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य हाती घेतले आणि 1966 मध्ये ते तडीस नेले. प्रमुख संपादक डॉ. वि. सी. सुकथनकर 1943 मध्ये, कार्य अर्धवट असतानाच निवर्तले; पुढच्यांनी ते थांबू दिले नाही. ज्या मराठी भूमीने ही तपश्चर्या केली, तेथील घरांत 'महाभारत' हा शब्द आज केवळ भांडणासाठी उरावा? आमचे पुरोगामी मित्र परक्यांच्या ड्रॅगनमध्ये रूपके शोधतात आणि पुष्पक विमानाचे नाव काढताच नाक मुरडतात. त्यांचा समाचार अवश्य घ्यावा. पण ग्रंथ त्यांनी नव्हे, आपण मिटला आहे.

त्या मालिकेचे मूळ लेखक जॉर्ज मार्टिन यांचे पाचवे पुस्तक 2011 मध्ये आले. सहावे अद्याप आलेले नाही. मालिका पुस्तकांच्या पुढे धावली. सातवे पर्व दहाऐवजी सात भागांतच उरकले गेले. 2019 मध्ये शेवट झाला, तेव्हा अखेरचे पर्व पुन्हा चित्रित करा, अशा मागणीवर दहा लाखांहून अधिक चाहत्यांनी सह्या केल्या. सिंहासनावर कोण बसणार, एवढाच प्रश्न आठ पर्वे ताणला की असेच होते. व्यासांचे युद्ध सौप्तिकपर्वाशी आटोपते आणि त्यानंतरही आठ पर्वे शिल्लक राहतात, कारण राज्य मिळाल्यावर काय, हा प्रश्न तेथे सुरू होतो. त्यांचेही शेवटून दुसरे पर्व पाहा. महाप्रस्थानिकपर्वात जिंकलेले राज्य सोडून पांडव हिमालयाकडे निघतात. द्रौपदी आणि चार भाऊ वाटेत एकेक करून कोसळतात. उरलेला युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात यायला नकार देतो. याहून रोमहर्षक काय हवे?

प्राइम फोकसचेच संस्थापक नमित मल्होत्रा यांनी आता रामायणावरील भव्य चित्रपटाची निर्मिती हाती घेतली आहे. मुंबईचे कौशल्य आपल्या कथेच्या कामी येत आहे, याचा आनंद आहे. परंतु पडद्यासाठी यंत्रे मिळतील, तंत्रज्ञही मिळतील. रामकथा जाणणारा प्रेक्षक मात्र घरातच घडवावा लागतो.

चिकित्सित आवृत्तीत महाप्रस्थानिकपर्व अवघ्या तीन अध्यायांचे आहे. येत्या रविवारी जेवणे आटोपल्यावर दूरचित्रवाणी संच बंद करावा आणि मुलांसमवेत ते मराठी अनुवादातून वाचावे. भांडण झालेच, तर युधिष्ठिराचे चुकले की बरोबर, यावरून होईल. असे भांडण घरोघरी व्हावे!