लाकडाचा लेप आणि श्रावकाची यतना

दिवाळी जवळ आली, की घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावातील पेढ्यांवर ठरलेली लगबग सुरू होते. वहीपूजनापूर्वी भिंतींना रंग द्यावा, गादीच्या खोळी बदलाव्यात आणि आजोबांच्या काळच्या सागवानी मेजाला व कपाटाला पॉलिश करून घ्यावे, असे घरोघरी ठरते. कारागीर येतो आणि विचारतो, ‘शेठजी, स्पिरिट पॉलिश करू की पीयू?’ बहुधा उत्तर दर ऐकून दिले जाते. श्रावकाच्या घरात मात्र या प्रश्नाला दराच्या पलीकडची बाजू आहे.

स्पिरिट पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, अर्थात लाख. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे सूक्ष्म कीटक दाटीने वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच निर्माण करतात. फांद्या तोडून हे कवच खरवडताना असंख्य जीवांचा घात होतो. म्हणूनच श्रावकाने वर्ज्य करावयाच्या १५ कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना झाली. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाच्या अध्ययनात ही कर्मादाने येतात. १२व्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्यांचे विवरण केले. १३व्या शतकात दिगंबर परंपरेतील पंडित आशाधरांनीही सागारधर्मामृतात त्यांचा विचार केला. कर्मादानाचा निर्देश व्यापाराविषयी आहे हे खरे. परंतु जी वस्तू विकणे दोषाचे, ती घरात वापरतानाही विवेक जागा असावा, हे ओघानेच येते.

येथे पॉलीयुरेथेन, म्हणजे बाजारातील ‘पीयू’, हा पर्याय पुढे येतो. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रसायनाचा शोध लावला. त्याचे मूळ घटक मुख्यतः खनिज तेलापासून मिळतात. स्पिरिट पॉलिशवर गरम भांडे ठेवले की डाग उमटतो, पाणी साचले की पांढरट वलय दिसते. पीयूचा थर उष्णता आणि पाणी अधिक सोसतो. शिवाय लाकडाची उघडी छिद्रे बंद झाली, की भुंगेऱ्यांना अंडी घालण्यास जागा उरत नाही. पुढे कीड मारण्याची वेळच न येणे, हा या लेपाचा मोठा लाभ होय.

काम मात्र क्रमाने व्हावे. जुन्या फर्निचरच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा थेंब टाकून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला तर तो लाखेचा थर समजावा. जुना थर आणि मेण पूर्ण काढल्याविना पीयूची पकड भरवशाची नसते. नंतर लाकडाच्या रेषांच्या दिशेने प्रथम १२० वा १५० आणि शेवटी २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासावे. सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावे. स्टेन केवळ रंग देतो, संरक्षण देत नाही. तो फडक्याने सारखा पसरवून वाळू द्यावा. त्यावर सीलरचे दोन पातळ हात, मध्ये ३२० क्रमांकाच्या कागदाने हलकी घासणी आणि अखेरीस मॅट किंवा चमकदार थर द्यावा. स्टेन फिकट निवडला, तर पृष्ठभागावर फिरणारा लहानसा जीवही दिसतो आणि प्रमार्जना सोपी होते. ब्रशही पाहून घ्यावा. अनेक ब्रश डुकराच्या केसांचे असतात. त्यांऐवजी नायलॉनचा घ्यावा.

आता काळाचा प्रश्न. दिवाळी चातुर्मासात येते. मराठवाड्यात परतीचा पाऊस अनेकदा तोवर रेंगाळतो आणि दिव्याभोवती किड्यांची झुंबड उडते. ओल्या लेपावर ते चिकटतात आणि तेथेच मरतात. लाखेतील हिंसा टाळून आपण दारात दुसरी हिंसा मांडली, असे होते. रसायनशास्त्रही हेच सांगते. दोन घटकी पीयूमधील हार्डनर हवेतील बाष्पाशी संयोग पावतो, त्यातून वायू निघतो आणि थरात बुडबुडे व धुरकटपणा येतो. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपल्यानंतर, मार्गशीर्ष ते माघ या कोरड्या दिवसांत आणि दिवसाच्या उजेडात काम करणे दोन्ही दृष्टींनी उत्तम. वहीपूजन जुन्या पॉलिशच्या मेजावर झाले म्हणून त्याचे मोल उणे होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट कारागिराची आहे. हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील द्रव्ये असतात. फवारणी करताना ती श्वासात गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा जडल्यावर अल्प संपर्कानेही झटका येतो. नाकावर बांधलेला रुमाल ही वाफ अडवीत नाही. बंद खोलीत, दारे लावून, ‘धूळ बसू नये’ म्हणून कारागिराला फवारणी करायला लावणे हे कीटकांविषयी कोमल आणि माणसाविषयी कठोर होणे आहे. फवारणी कार्यशाळेत, योग्य श्वसनसाधनासह करून घ्यावी. घरीच काम करायचे असेल, तर पाण्यात मिसळणारे एकघटकी पीयू ब्रशने, खिडक्या उघड्या ठेवून लावावे. त्याला दोन दिवस अधिक लागले आणि चकाकी थोडी कमी आली, तरी तो खर्च सार्थकी लागतो. तेलयुक्त स्टेनची फडकी गोळा करून टाकू नयेत, कारण ती आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

नवे फर्निचर घेण्याऐवजी जुने जपणे हेही परिग्रहाला घातलेले बंधन आहे, कारण त्यात एक झाड वाचते. परंतु जपण्याची कृती यतनेने झाली तरच तिचा अर्थ पूर्ण होतो. पुढच्या वेळी कारागिराने ‘स्पिरिट की पीयू?’ असे विचारले, तर शेठजींनी दर विचारण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात: काम कोणत्या महिन्यात होणार, कोणत्या जागी होणार आणि ते करणाऱ्याच्या श्वासाची काळजी कोण घेणार.