सांधलेला प्रदेश, सांधायची मने

अस्थी जागेवर बसविल्या म्हणजे भग्नाची चिकित्सा संपली, असे कोणताही वैद्य म्हणणार नाही. त्यापुढे बंध, पथ्य आणि काळ यांची आवश्यकता असते. प्रदेशांच्या एकीकरणाचेही तसेच आहे.

आपला बीड जिल्हा बारा वर्षांत तीन स्थित्यंतरांतून गेला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. नकाशा सांधला गेला. परंतु रझाकारांच्या अत्याचारांचे आणि त्यानंतर मुस्लिम वस्त्यांवर उगविलेल्या सूडाचे व्रण मागे राहिले. पंडित सुंदरलाल समितीने नोंदविलेल्या पीडित जिल्ह्यांत बीडचाही समावेश होता.

एकीकरणाचे लाभ आम्ही नाकारीत नाही. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हे त्याचेच फळ होय. तथापि ऊसतोडणीसाठी दरवर्षी होणारे स्थलांतर थांबले नाही आणि ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. त्यातच आरक्षणाच्या वादात ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड व माजलगाव येथे जाळपोळ झाली. पुढे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर जात पाहून व्यवहार तोडण्याची भाषाही कानी आली. या वेळी सीमारेषा राज्यांत नव्हे, गावातच आखली गेली.

चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात वायू, जल, देश व काळ यांच्या विकृतीचे मूळ अधर्मात आणि प्रज्ञापराधात पाहिले आहे. शेजाऱ्यावरील विश्वास उडालेल्या गावात निद्रानाश आणि चित्तोद्वेग वाढणे स्वाभाविक आहे. रुग्ण जवळचा दवाखाना टाळून दूर जाऊ लागला, तर साध्या ज्वरातही उपचारास विलंब होतो.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना व औषधविक्रेत्यांना आमची विनंती आहे. दवाखान्यात वा दुकानात कोणत्याही जातीचा वा पक्षाचा फलक लावू नये. तणावाच्या दिवसांत शक्य तोवर औषधसेवा चालू ठेवावी. ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडण्यापूर्वी युनानी हकीमांसह प्रत्येक तालुक्यात एक संयुक्त तपासणी शिबिर घ्यावे. नाडी पाहताना आडनाव विचारावे लागत नाही. ही परंपरा आपल्या हाती आहे. ती मोडू देऊ नये.