नियमांची पूर्तता आणि ठेवींची सुरक्षितता

११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार होता. त्या दिवशी अवघ्या काही तासांच्या अवधीत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या नावावर जगातील २८ देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढून घेण्यात आले. भारतातील यंत्रांतून काढलेली सुमारे अडीच कोटींची रक्कम त्याहून वेगळी. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेचा वापर करून आणखी जवळजवळ १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेची तिजोरी कोणी फोडली नाही की पहारेकऱ्याला कोणी धक्का लावला नाही. एटीएमवरून आलेली मागणी तपासून ‘रक्कम द्या’ किंवा ‘देऊ नका’ असा निर्णय कळविणारी जी संगणकीय व्यवस्था असते, आणि जिला ‘स्विच’ असे म्हणतात, तिच्या जागी चोरट्यांनी स्वतःची बनावट व्यवस्था उभी केली. ती प्रत्येक मागणीला होकार देत राहिली, एवढेच.

ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असा खुलासा त्या वेळी बँकेने केला. तो खराही होता. परंतु खात्यातील आकडा कायम राहिला म्हणून नुकसान झालेच नाही असे ठरत नाही. बँकेचे नुकसान नफ्यातून अथवा राखीव निधीतून भरून निघते, आणि सहकारी बँकेचा राखीव निधी ही सभासदांनी पिढ्यान्‌पिढ्या साठविलेली पुंजी असते. या प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरविले. पण कट रचणाऱ्यांचे खरे हात देशाबाहेरच राहिले.

या घटनेनंतर नियमांचा ओघ सुरू झाला. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्व नागरी सहकारी बँकांसाठी संगणकीय सुरक्षिततेच्या किमान अटी घालून दिल्या आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी त्यांत भर घालून चार स्तरांची चौकट आखली. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने संगणकीय हल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत कळविण्याचे आणि यंत्रणेतील नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधन संस्थांवर घातले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, माहितीच्या रक्षणात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. ‘बैल गेला नि झोपा केला’ असे म्हणून या प्रयत्नांची थट्टा करणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. झोपा बांधणे आवश्यकच होते. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. झोपा बांधल्याचा दाखला मिळाला म्हणजे गोठ्यातील बैल सुरक्षित झाला काय?

तीन शब्दांचा अर्थ

संचालक मंडळांच्या बैठकांत आता तीन शब्द वारंवार ऐकू येतात : जोखीम, नियंत्रण आणि अनुपालन. यांतील पहिला शब्द अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. एखादी आपत्ती ओढवण्याची शक्यता आणि ती ओढवल्यास होणारे नुकसान, या दोहोंचा एकत्रित विचार म्हणजे जोखीम. ती कमी करण्यासाठी योजलेला उपाय म्हणजे नियंत्रण. व्यवहाराची नोंद एकाने करावयाची आणि संमती दुसऱ्याने द्यावयाची, हे प्रतिबंधक नियंत्रण. मध्यरात्री परदेशांतून अचानक हजारो मागण्या येऊ लागल्या तर धोक्याची घंटा वाजावी, हे शोधक नियंत्रण. हल्ल्यानंतर दुसऱ्या ठिकाणी जपलेल्या प्रतींवरून कारभार पुन्हा उभा करता यावा, हे सुधारक नियंत्रण. सर्व नियंत्रणे योजल्यानंतरही जी जोखीम उरते, ती उर्वरित जोखीम. ती कधीच शून्य होत नाही. ती स्वीकारावयाची की आणखी खर्च करून कमी करावयाची, हा निर्णय संचालकांना जाणीवपूर्वक घ्यावा लागतो.

तिसरा शब्द अनुपालन. नियामकाने सांगितलेली नियंत्रणे संस्थेत आहेत, याची खातरजमा म्हणजे अनुपालन. येथेच गफलत होते. जोखीम वस्तुस्थितीत असते, नियंत्रण यंत्रात आणि माणसाच्या सवयीत असते. अनुपालन मात्र मुख्यतः कागदावर असते. कागद वस्तुस्थितीचे प्रतिबिंब असेल तोवर ठीक. परंतु कागद हेच साध्य झाले की प्रतिबिंब आणि वस्तू यांची फारकत होऊ लागते. एखादे मोजमाप धोरणाचे लक्ष्य बनले की त्याची मोजण्याची योग्यता ढासळू लागते, हे चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात दाखवून दिले होते. सुरक्षिततेच्या तपासणी-तक्त्यांना तो सिद्धांत तंतोतंत लागू पडतो.

दाखला आहे, सुरक्षितता नाही

अमेरिकेतील ‘टार्गेट’ या प्रचंड दुकानसाखळीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. कार्ड उद्योगाने ठरविलेल्या सुरक्षा मानकाची पूर्तता केल्याचा दाखला या कंपनीला सप्टेंबर २०१३ मध्ये मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिच्या सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. चोरटे आत शिरले ते दुकानांतील शीतकरण यंत्रणेचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराला दिलेल्या प्रवेशाच्या वाटेने. धोक्याची सूचना देणारी महागडी यंत्रणा कंपनीने बसविली होती आणि तिने सूचनाही दिली होती. त्या सूचनेवर वेळीच कृती झाली नाही. दाखला खोटा होता असे म्हणण्याची गरज नाही. तो एका दिवसाच्या एका तपासणीचा होता आणि चोरटे त्या दिवशी आले नाहीत, इतकेच.

भारतातील उदाहरण याहूनही बोलके आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतील गैरव्यवहार फेब्रुवारी २०१८ मध्ये उघडकीस आला. हमीपत्रांचे स्विफ्ट संदेश परदेशी बँकांना जात होते. पण बँकेच्या मुख्य संगणकीय खतावणीत त्यांची नोंद होत नव्हती, कारण या दोन व्यवस्था एकमेकींशी जोडलेल्याच नव्हत्या. स्विफ्टच्या संभाव्य दुरुपयोगाविषयी ऑगस्ट २०१६ पासून बँकांना किमान तीन वेळा गोपनीय इशारा दिला होता, असे रिझर्व्ह बँकेने त्या वेळी जाहीर केले. या संदर्भातील निर्देशांचे पालन न केल्याबद्दल पुढे २०१९ मध्ये तिने ३६ बँकांना मिळून ७१ कोटी रुपये दंड केला. इशारा होता, परिपत्रक होते, अंतर्गत लेखापरीक्षणही होते. नव्हता तो दोन व्यवस्थांमधील सांधा.

खर्च कोणाचा, नुकसान कोणाचे?

हे का घडते? कर्मचारी आळशी आहेत किंवा तंत्रज्ञ अपुरे पडतात, हे उत्तर वरवरचे आहे. खरे उत्तर अर्थकारणात सापडते. केंब्रिज विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन यांनी २००१ मध्ये एक मार्मिक निरीक्षण मांडले. एटीएमच्या व्यवहाराविषयी तक्रार झाल्यास ग्राहक चुकतो आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अमेरिकेत बँकेवर होती. ब्रिटनसारख्या काही युरोपीय देशांत ती ग्राहकावर होती. परिणाम असा झाला की युरोपातील बँका तक्रारी फेटाळत राहिल्या आणि बेसावध बनल्या. अमेरिकी बँकांनी सुरक्षिततेवर तुलनेने कमी खर्च केला, पण तो अधिक परिणामकारक केला, आणि त्यांच्याकडे फसवणूकही कमी झाली. तात्पर्य उघड आहे. ज्याच्या हाती बचावाची साधने आहेत त्याच्याच खिशाला नुकसानीची झळ पोचली पाहिजे. नुकसान दुसऱ्याचे आणि साधने पहिल्याची, अशी विभागणी झाली की साधने गंजत पडतात.

भारतात या दिशेने पाऊल पडलेच नाही असे नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये असा नियम केला की, बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना त्रयस्थाने केलेल्या इलेक्ट्रॉनिक फसवणुकीची माहिती ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत दिली, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडू नये, आणि ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची असावी. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा एक नियम तपासणी-तक्त्याच्या शंभर रकान्यांहून मोलाचा म्हणावा लागेल, कारण तो संस्थेला काय करावे हे सांगत नाही; न केल्यास काय भोगावे लागेल हे सांगतो.

येथे बाजारव्यवस्थेतील एक उणीवही लक्षात घेतली पाहिजे. ठेवीदाराला व्याजाचा दर दिसतो. बँकेची संगणकीय सुरक्षितता दिसत नाही. जी बँक सुरक्षिततेवर प्रामाणिकपणे खर्च करील आणि त्यापायी पाव टक्का कमी व्याज देईल, तिचा ठेवीदार समोरच्या बँकेत जाईल. खरेदीदाराला मालाची प्रत ओळखता येत नसेल तर चांगला मालच बाजारातून हद्दपार होतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणाने दाखविले होते. म्हणूनच हा प्रश्न केवळ स्पर्धेवर सोडून चालत नाही आणि नियामकाला त्यात पडावे लागते.

लहान बँकांची अडचण

यावर नागरी सहकारी बँकांचे म्हणणे असे की, दहा-बारा शाखांच्या बँकेने मोठ्या व्यापारी बँकेइतकी तंत्रज्ञांची फौज कोठून आणावी? हे म्हणणे खोटे नाही. २०१९ च्या चौकटीत त्याची दखल घेतलेली होती. बँकेचा संगणकीय व्यवहार जितका खोल, तितक्या अटी कडक, हे तिचे सूत्र. जिच्याकडे स्वतःचा एटीएम स्विच किंवा स्विफ्टची जोडणी आहे, तिच्यावर अधिक भार. ठेवींच्या आकारावरून नव्हे, तर प्रत्यक्ष जोखमीवरून भार ठरविणे हे शहाणपणाचे धोरण होते.

परंतु बहुसंख्य लहान बँका ही सेवा बाहेरून घेतात, आणि तेथे नवीच जोखीम जन्मास येते. जुलै २०२४ मध्ये ‘सी-एज टेक्नॉलॉजीज’ या सेवादात्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने खबरदारी म्हणून या कंपनीची जोडणी तात्पुरती तोडली आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. या बँकांपैकी प्रत्येकीने आपापले तक्ते काटेकोरपणे भरले असते तरी त्या दिवशी फरक पडला नसता. सामायिक सेवेमुळे खर्च वाटला जातो, हे खरे. पण त्याच वेळी जोखीम एका जागी साठते. मार्च २०२४ मध्ये कार्यारंभ झालेल्या नागरी सहकारी बँकांच्या शिखर संस्थेकडून सामायिक तंत्रज्ञानाची मोठी अपेक्षा आहे. तिने या घटनेचा धडा प्रथम गिरविला पाहिजे.

उपाय कोणते?

नियम रद्द करा, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. किमान अटींची यादी हवीच. ती नसेल तर बेफिकीर संस्था तेवढेही करणार नाहीत. पण यादीपलीकडे तीन गोष्टी आवश्यक आहेत.

पहिली, दाखल्याऐवजी कवायत. कारखान्यात आग विझविण्याची कवायत होते, तशी बँकेतही झाली पाहिजे. माहितीच्या प्रती काढल्या जातात काय, हे विचारून भागणार नाही. त्या प्रतींवरून कारभार किती तासांत पुन्हा सुरू झाला, हे वर्षातून एकदा प्रत्यक्ष करून पाहावे आणि तो आकडा वार्षिक अहवालात छापावा. खोटा रकाना भरणे सोपे आहे. खोटी कवायत करणे कठीण.

दुसरी, खुली चौकशी. रेल्वेचा गंभीर अपघात झाला तर त्याची चौकशी रेल्वे मंत्रालय नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीतील रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. बँकेवरील मोठ्या हल्ल्याचीही अशीच स्वतंत्र चौकशी होऊन तिचा वृत्तांत, गोपनीय तांत्रिक तपशील वगळून, प्रसिद्ध व्हावा. सहा तासांत खबर देणे हे पहिले पाऊल झाले. एका बँकेच्या नुकसानीतून दुसरीने शिकणे हे खरे मुक्कामाचे ठिकाण.

तिसरी, करारातील जबाबदारी. सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या चुकीने बँकेचे नुकसान झाले, तर त्याचा ठरावीक वाटा त्या कंपनीने उचलावा, अशी अट करारात असली पाहिजे. एकटी लहान बँक अशी अट मान्य करवून घेऊ शकणार नाही. तीनशे बँकांनी एकत्र येऊन ती घातली तर कोणत्याही कंपनीला ती सहज झिडकारता येणार नाही. सहकाराचा अर्थ हाच आहे.

या तिन्ही उपायांची सुरुवात होण्याची जागा म्हणजे बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा. तेथे लाभांश किती टक्के, यावर तासभर चर्चा होते. त्यातील पाच मिनिटे एखाद्या सभासदाने एवढेच विचारावे : गेल्या वर्षी आपली यंत्रणा बंद पाडून पुन्हा चालू करून पाहिली होती काय, आणि किती वेळ लागला? निवृत्तिवेतनाची पुंजी ठेवणाऱ्या वृद्धाला स्विच आणि स्विफ्ट यांतील भेद कळण्याची गरज नाही. पण त्याच्या पैशाची राखण करणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर प्रमाणपत्र दाखवून नव्हे, तर आकडा सांगून दिले पाहिजे. तो आकडा ज्या संचालक मंडळापाशी नाही, त्याच्या कार्यालयातील भिंतीवरचे प्रमाणपत्र कितीही सुबक चौकटीत बसविलेले असो, ठेवीदाराच्या लेखी त्याची किंमत त्या चौकटीच्या लाकडाइतकीच राहील.