पुरात बुडालेली अभिजात मोटार आणि लिलावाची बोली

ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस ‘सँडी’ वादळ अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर आदळले. समुद्र न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या वस्त्यांत शिरला व सुमारे अडीच लाख वाहने पाण्याखाली गेली. त्यानंतर लाँग आयलंडवरील कॅल्व्हर्टन येथे, जेथे पूर्वी ग्रमन कंपनीच्या लढाऊ विमानांची चाचणी होत असे त्या धावपट्टीवर, भिजलेल्या मोटारींच्या रांगाच रांगा उभ्या राहिल्या. विमा कंपन्यांनी ग्राहकांचे दावे चुकते केले, मोटारींची मालकी आपल्याकडे घेतली आणि उरलीसुरली किंमत वसूल करण्यासाठी त्या लिलावात काढल्या. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या वादळानंतर, २०१७ च्या ‘हार्वे’नंतर आणि २०२२ च्या ‘इयान’नंतरही, हाच क्रम चालत आला आहे.

अशा लिलावांत अधूनमधून पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एखादी अभिजात मोटारही येते. छायाचित्रात तिचा क्रोम चमकत असतो, बोली बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शावर थांबलेली दिसते आणि निवृत्तीची रक्कम हाती आलेल्या हौशी माणसाचे मन डळमळते. मोह सर्वस्वी निराधार असतो असेही म्हणता येणार नाही. आजच्या मोटारीत डझनावारी संगणकीय नियंत्रक असतात. त्यांत पाणी शिरले की दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या किमतीला जाऊन भिडतो. जुन्या मोटारीत कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि मोजकेच वायरिंग. कुशल मिस्त्री ते सारे उघडून, धुऊन, वाळवून पुन्हा बसवू शकतो.

तथापि पाण्याची जात पाहिल्यावाचून यातले काहीच ठरवता येत नाही. नदीचे वा पावसाचे गोडे पाणी गाळ मागे ठेवते. समुद्राचे खारे पाणी मीठ मागे ठेवते. मीठ हवेतील दमट ओल ओढून घेते, त्यामुळे वरून कोरडा दिसणारा पत्रा आतून महिनोन्महिने गंजत राहतो. दरवाज्यांखालचे पोकळ पट्टे आणि सांगाड्याच्या बंद पेट्या येथे कापड पोचत नाही व डोळाही पोचत नाही. अनेक जुन्या मोटारींच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. तो फुगला की दारे नीट बसेनाशी होतात आणि काही काळाने सांधे कुजतात.

यंत्राचा नियमही कठोर आहे. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कोणी उतावीळपणे इंजिन सुरू केले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि धुलाईचे काम इंजिन नव्याने बांधण्याचे होऊन बसते. ब्रेकचे तेल मुळातच ओलावा शोषणारे असते. ते न बदलता गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे स्वतःच्याच नव्हे, समोरून येणाऱ्या निरपराध माणसाच्या जिवाशीही खेळणे होय.

मोटारीइतकीच तिची कागदपत्रेही तपासावी लागतात. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या किती टक्क्यांवर गेला म्हणजे वाहन ‘पूर्ण नुकसान’ ठरते, याचे नियम अमेरिकेत राज्यागणिक वेगळे आहेत. फ्लोरिडात ती मर्यादा ८० टक्के, तर टेक्सासमध्ये १०० टक्के आहे. मर्यादा ओलांडली की मालकीपत्रावर ‘सॅल्व्हेज’ वा ‘पूर’ असा शेरा पडतो. काही लबाड व्यापारी अशी मोटार नियम सैल असलेल्या दुसऱ्या राज्यात नोंदवून तो शेरा पुसून घेतात. तिकडे या प्रकाराला मालकीपत्र ‘धुणे’ असेच म्हणतात. हे रोखण्यासाठी १९९२ च्या कायद्याने वाहनांच्या मालकीपत्रांची राष्ट्रीय माहिती-व्यवस्था उभारण्याची तरतूद केली. अभिजात मोटारीच्या ग्राहकाला मात्र तिचा पुरेसा आधार मिळत नाही. सतरा अंकाक्षरांचा एकसारखा वाहन क्रमांक १९८१ सालापासून सक्तीचा झाला. त्यापूर्वीच्या मोटारींचे क्रमांक लहान आणि प्रत्येक कंपनीच्या पद्धतीचे असल्याने इतिहास सांगणाऱ्या बहुतेक सेवा तेथे मौन पाळतात.

लिलावाची मुख्य अट बँकांच्या तारण-विक्रीच्या जाहिरातींतून आपल्याला परिचित आहे : ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे’. हातोडा पडल्यानंतर तक्रारीला जागा नसते. अनेक राज्यांत परवानाधारक व्यापाऱ्यालाच बोली लावता येते, म्हणून सामान्य ग्राहकाला दलाल गाठावा लागतो. बोलीच्या रकमेवर खरेदीदाराचे शुल्क चढते आणि गाडी मुदतीत उचलली नाही तर रोजचे जागाभाडे लागते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहावा. चांगल्या स्थितीतील एखाद्या मोटारीचा बाजारभाव २०,००० डॉलर आहे आणि बुडालेली तशीच मोटार ६,००० ला मिळाली, असे समजू. शुल्क ९०० आणि वाहतूक ६००. वायरिंग २,५००, इंजिन उघडून बांधणे ३,५००, ब्रेक १,२००, आसने व आतील अस्तर ३,०००, पत्रा आणि रंगकाम ६,०००. बेरीज २३,७०० डॉलर. शेऱ्यामुळे हीच मोटार पुढे १४,००० ला विकली गेली, तर तोटा ९,७०० चा. शिवाय दोन वर्षांचा वेळ आणि अडकलेल्या रकमेचे व्याज या बेरजेत धरलेलेच नाही. ज्याच्याकडे स्वतःची कार्यशाळा व कौशल्य आहे, किंवा ज्याला आपल्या दुसऱ्या मोटारीसाठी काचा, दारे, डिफरन्शियल असे सुटे भाग हवे आहेत, त्याच्यापुरता हा हिशेब पालटू शकतो.

आणखी एक अपवाद सांगण्याजोगा आहे. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरील माजोरे सरोवराच्या तळाशी १९२५ सालची एक बुगाटी सुमारे सात दशके पडून होती. जुलै २००९ मध्ये ती वर काढण्यात आली आणि जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात २,६०,५०० युरोंना विकली गेली. ते पैसे एका स्थानिक तरुणाच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या संस्थेला मिळाले. कॅलिफोर्नियातील ज्या संग्रहालयाने ती घेतली, त्याने तिला दुरुस्त न करता गंजलेल्या अवस्थेतच मांडले. खरेदीदाराने येथे इतिहास विकत घेतला होता. चालणाऱ्या वाहनाची अपेक्षाच नव्हती. किंमत कशाची देत आहोत हे त्याला नेमके ठाऊक होते.

आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी सांगली-कोल्हापुरात शिरले. येथेही दुरुस्तीचा खर्च घोषित विमामूल्याच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की विमा कंपनी वाहन पूर्ण नुकसानीत काढते आणि ते लिलावाच्या वाटेला लागते. कायमचे निकामी झालेल्या वाहनाची खबर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी, अशी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये तरतूद आहे. म्हणून नोंदणी जिवंत आहे की रद्द झाली, हे बोलीपूर्वीच पाहणे अगत्याचे ठरते. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. त्यासाठी २०,००० रुपये शुल्क आहे. पण चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले वाहन त्यास पात्र ठरत नाही. बुडालेले इंजिन काढून त्या जागी सोयीचे नवे बसवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. शिवाय अशी मोटार रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

खरेदीदाराने जाणत्या मिस्त्रीला सोबत नेऊन, गालिचे उचलून, दिव्यांच्या काचांमागचा गाळ पाहून आणि खर्चाची मर्यादा घरच्यांसमक्ष कागदावर लिहूनच बोलीला बसावे. मुलांच्या शिक्षणाचा वा आजारपणाचा पैसा या छंदाकडे वळवू नये. आणि पुढे ती मोटार विकण्याचा प्रसंग आला, तर ती पुरात बुडाली होती हे, ग्राहकाने विचारण्याची वाट न पाहता, पावतीवरच लिहून द्यावे. त्यापायी चार पैसे कमी येतील. परंतु त्या आसनावर उद्या दुसऱ्या कोणाचे कुटुंब बसणार आहे.