कोंड्याचे मोल

अन्नाची प्रतिष्ठा मनुष्य पुष्कळदा त्याच्या रंगावरून ठरवितो. पांढराशुभ्र भात सणासुदीचा आणि पाहुण्यांचा. तांबूस भात आणि नाचणीची काळसर भाकरी मात्र गरिबाघरची, अशी समजूत कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मधल्या सुटीत एखादा मुलगा डब्यातील भाकरी हाताआड धरून खातो, तो या समजुतीमुळेच. ही समजूत नुसती चुकीची असती, तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु ती घातकही ठरू शकते. तिच्यापायी हजारो माणसांचे प्राण गेल्याची साक्ष इतिहास देतो.

जपानमध्ये एके काळी पांढरा भात हे श्रीमंतीचे लक्षण मानले जाई. खेड्यांतील गरीब शेतकरी जव आणि इतर भरड धान्ये खात. एदो, म्हणजे आजच्या टोकियो शहरात मात्र पांढऱ्या तांदळाची चाल पडली होती. खेड्यातून त्या शहरात येऊन राहिलेल्या माणसांना एक विलक्षण रोग जडे. पाय जड व बधिर होत, अंगावर सूज येई, चार पावले टाकताच धाप लागे, आणि अखेरीस हृदय थकून कित्येकांचा अंत होई. तीच माणसे वेळीच गावी परतली, तर बहुधा बरी होत. म्हणून लोक त्या रोगाला ‘एदोचे दुखणे’ म्हणू लागले. आज तो रोग बेरीबेरी या नावाने ओळखला जातो.

जपानच्या नौदलाला या रोगाने जर्जर केले होते. १८८२ च्या अखेरीस ‘र्युजो’ नावाचे जहाज लांबच्या सफरीवर निघाले. त्यावरील ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला व २५ जण दगावले. ताकाकी कानेहिरो या नौदलातील वैद्यांनी रोग्यांच्या औषधांपेक्षा त्यांच्या आहाराचा अधिक विचार केला. निरनिराळे पदार्थ खाणारे अधिकारी क्वचितच आजारी पडत. भातावरच गुजराण करणारे खलाशी मात्र अंथरूण धरीत. १८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ हे जहाज त्याच मार्गाने धाडण्यात आले आणि खलाशांच्या आहारात मांस, दूध, कडधान्ये इत्यादी पदार्थ वाढविण्यात आले. या सफरीत थोडेच खलाशी आजारी पडले आणि बेरीबेरीने एकही मृत्यू झाला नाही. पुढे भातात जव मिसळण्याची पद्धत पडली आणि नौदलातून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला.

लष्करातील वरिष्ठ डॉक्टरांना मात्र हे मानवले नाही. हा रोग जंतूंमुळे होतो, असा त्यांचा आग्रह होता. आणि सैनिकाला पांढरा भात मिळावा, यातच त्याचा सन्मान आहे, अशी लोकभावनाही होती. १९०४-०५ मधील रशिया-जपान युद्धात या आग्रहाची किंमत चुकवावी लागली. दोन लाखांहून अधिक जपानी सैनिकांना बेरीबेरीने ग्रासले आणि सुमारे २७ हजार सैनिक त्याला बळी पडले. शत्रूच्या गोळीने नव्हे, तर सन्मानाच्या भाताने त्यांचा घात केला.

या रोगाचे खरे कारण जावा बेटावर हळूहळू उलगडले. १८८६ मध्ये डच सरकारने पाठविलेल्या एका मंडळाबरोबर क्रिस्तियान आइकमन हे तरुण डॉक्टर तेथे आले. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या एकाएकी लंगडू लागल्या. चौकशी करता असे दिसून आले की, त्यांना लष्करी रुग्णालयातील उरलेला पांढरा भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात साध्या कोंबड्यांना घालण्यास त्याने नकार दिला. मग कोंबड्यांच्या वाट्याला हलका, न सडलेला तांदूळ आला, आणि त्या बऱ्या झाल्या! पांढऱ्या तांदळात काही विष असावे, असे आइकमन यांना प्रथम वाटले. १९०१ मध्ये त्यांचे सहकारी खेरिट ग्राइन्स यांनी योग्य उलगडा केला : पांढऱ्या तांदळात काही घातक असते असे नव्हे, तर त्यात काही आवश्यक द्रव्य उरलेले नसते. ते द्रव्य म्हणजेच ब१ जीवनसत्त्व. या कार्याबद्दल आइकमन यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

भाताचे तूस काढल्यावर आतील दाण्यावर कोंड्याचा पातळ थर असतो. हे जीवनसत्त्व मुख्यतः त्या थरात आणि दाण्याच्या अंकुरात असते. गिरणीत तांदूळ फार सडला, की दाणा मोत्यासारखा चमकतो. पण त्याचे सत्त्व कोंड्याबरोबर निघून जाते. मोठ्या माणसालाही दिवसाला सुमारे एक मिलिग्रॅम एवढेच हे जीवनसत्त्व लागते. परंतु तेवढे न मिळाल्यास खाल्लेल्या अन्नापासून शक्ती निर्माण करण्याचे शरीराचे काम अडते.

कोकणातील आणि गोव्यातील जुन्या गृहिणींना जीवनसत्त्वाचे नाव ठाऊक नव्हते, तरी त्यांचा स्वयंपाक या दृष्टीने शहाणपणाचा होता. उखळात मुसळाने कांडलेल्या हातसडीच्या तांदळावर कोंड्याचा बराचसा अंश राही. उकड्या तांदळासाठी भात तुसासकट भिजवून उकडत. त्यामुळे कोंड्यातील सत्त्व दाण्यात मुरे. भाताचे पाणी फेकून न देता त्याची पेज पीत. ज्या नाचणीला हलके धान्य म्हणून नाक मुरडले जाते, तिच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते फारच थोडे असते. कॅल्शियम हाडांच्या बळकटीला लागते, आणि वाढत्या वयातील मुलांना तर त्याची विशेष गरज असते.

येथे कोणी विचारील, ‘आज असंख्य लोक पांढरा भात खातात, त्यांना बेरीबेरी का होत नाही?’ प्रश्न रास्त आहे. त्यांच्या ताटात भाताबरोबर वरण, उसळ, भाजी किंवा मासे असतात, आणि भातातील उणीव हे पदार्थ भरून काढतात. पांढरा भात हे विष नव्हे. एकाच पदार्थावर विसंबून राहणे हा खरा दोष होय. त्याचप्रमाणे उत्तम आहार घेतला, की कोणताच रोग होणार नाही, असे समजणेही चूक आहे. देवी, पोलिओ यांसारख्या रोगांना आवर घातला तो लसींनी. आणि आजारी मनुष्याला औषध हवेच. परंतु जो रोग अन्नातील उणिवेमुळे होतो, तो अन्नानेच टळतो.

शिवाय, जहाजावरील खलाशांनी आपले जेवण स्वतः निवडले नव्हते. ते इतरांनी ठरविले होते. म्हणून ज्यांच्या हाती इतरांचे ताट असते, त्यांची जबाबदारी अधिक मोठी आहे, मग ते घरातील वडीलधारे असोत, वसतिगृहाचे चालक असोत, वा शाळेतील भोजनाची व्यवस्था पाहणारे असोत. पोट भरले एवढ्याने त्यांचे काम संपत नाही. डाळ आणि भाजी ज्या घराला परवडत नाही, त्या घराला दोष देऊनही काही साधत नाही; ती त्या घरापर्यंत पोहोचविणे हे समाजाचे कर्तव्य आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि ज्वारी, बाजरी, नाचणी यांचा जगभर गौरव झाला. तो गौरव प्रत्येक वर्गापर्यंतही पोहोचला पाहिजे. मधल्या सुटीत डब्यातील भाकरी हाताआड करण्याचे कारण कोणत्याही मुलाला उरू नये. आणि शेजारच्या मुलानेही ती पाहून हसण्याऐवजी तिचा एक तुकडा मागून घ्यावा.