चेसी कंपनीची, बॉडी आपली

बऱ्याच दिवसांत इथं काही लिहिलं नाही. मध्यंतरी दोन-तीन नातेवाइकांनी फोनवर "अरे, तू म्हणे पोरांसोबत कार्यालयात गाड्या पळवतोस?" असं अशा सुरात विचारलं, की जणू मी धारूरात पत्त्यांचा क्लबच काढलाय :-) तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो. हो, पळवतो. रिमोटच्या. आणि त्या गाड्यांच्या बॉडीबद्दल, म्हणजे वरच्या प्लॅस्टिकच्या टरफलाबद्दल, माझं एक ठाम मत झालंय. ते असं, की आमच्यासारख्या गावात बॉडी निवडताना ती किती जोरात पळेल हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी ती कुणाची, हे बघावं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. आमच्या गाड्या १/२८ आकाराच्या आहेत. खरी साडेचार मीटरची मोटार या मापात जेमतेम १६ सेंटीमीटरची होते, म्हणजे तळहातापेक्षा थोडी लहान-मोठी. क्योशो नावाच्या जपानी कंपनीने १९९९ साली 'मिनी-झेड' नावाने या आकाराच्या गाड्या आणल्या आणि घरातल्या फरशीवर खरीखुरी शर्यत लावता येते हे लोकांना कळलं. आता या मापाच्या स्वस्त गाड्याही मिळतात. गाडीचे दोन भाग. खाली चेसी, तिच्यात मोटर, सेल, चाकं, वळवायची यंत्रणा. वर बॉडी. ती खटक्यावर बसते आणि खटक्यावर निघते.

ट्रकवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. हायवेवर तुम्ही पाहिलं असेल, डोक्याला फडकं बांधलेला ड्रायव्हर नुसती चेसी चालवत चाललेला असतो. ना केबिन, ना दार. कंपनीने चेसी दिली, आता बॉडी बांधायची ती मालकाने, आपल्या गावच्या नाहीतर शेजारच्या शहरातल्या कारागिराकडून. लाकूड किती, पत्रा किती, कपाळावर कुठल्या देवाचं नाव, मागे काय लिहायचं, सगळं मालकाच्या मर्जीने. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले दोन ट्रक वर्षभराने एकमेकांना ओळखणार नाहीत.

आमचंही तसंच आहे, फक्त एक फरक आहे. आमच्याकडे पोरं नऊ आणि चेस्या तीन. बाकीच्यांना परवडणारी नाही म्हणून तीन, आणि तीनच पुरे असं माझं मत. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, मंगल कार्यालय रिकामं असतं, मालक ओळखीचे. संध्याकाळी फरशी पुसून घ्यायची, वायरिंगच्या केसिंग-पट्ट्या चिकटवून वळणं आखायची, की झाला ट्रॅक. तीन-तीन पोरं आळीपाळीने पळवतात. चेसी सगळ्यांची, पण बॉडी ज्याची त्याची. आपली पाळी आली की आधीच्याची बॉडी काढायची, आपली बसवायची आणि "ही माही गाडी" म्हणून पट्टीवर ठेवायची. गाडी पाच मिनिटांपूर्वी दुसऱ्याची होती हे तेव्हा कुणाच्या मनातही नसतं.

आता निवडीचं शास्त्र. ते आहेच, आणि पोरांना ते शिकवावंही.

पहिली गोष्ट वजन, आणि ते किती उंचीवर आहे. धारूरच्या माणसाला हे घाटाने शिकवलेलं आहे. केज-धारूर-माजलगाव रस्त्यावरचा आमचा घाट, अरुंद आणि वळणांचा. कापसाने किंवा उसाने चढवून भरलेली गाडी वळणावर कशी झुकते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. माल तोच, पण तो खाली असला तर गाडी वळते, वर असला तर कलंडते. रिमोटच्या गाडीत बॉडी हाच वरचा माल. आम्ही सराफाच्या काट्यावर वजनं केली (सराफ आधी हसला, मग स्वतःच पुढे सरसावला). कडक प्लॅस्टिकची तयार, रंगवलेली बॉडी ४० ग्रॅमच्या आसपास. पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची, आपण रंगवलेली, १५च्या आतबाहेर. सगळी गाडीच दीडपावणेदोनशे ग्रॅमची, तिथे हा २५ ग्रॅमचा फरक, तोही वरच्या अंगाला, फार मोठा.

दुसरी गोष्ट फरशी. बाहेरच्या देशांत या गाड्या फोमच्या किंवा गालिच्याच्या ट्रॅकवर पळतात. तिथे चाक इतकं चिकटतं, की वळणावर गाडी घसरायच्या ऐवजी उलटते. म्हणून तिथले जाणकार सांगतात की बॉडी बुटकी हवी, रुंद हवी, हलकी हवी. त्यांचं तिथे बरोबर आहे. पण आमच्या कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर गाडी कलंडायच्या आधीच घसरते. त्यामुळे उंच बॉडीचा तोटा इथे तेवढा जाणवत नाही. मागच्या पंखाचं, स्पॉयलरचंही तेच. छोट्या हॉलमधल्या वेगात हवा गाडीला कितीशी खाली दाबणार? पंख ही बहुतेक शोभाच. दुसऱ्याच्या जमिनीसाठी दिलेला सल्ला आपल्या जमिनीवर पेरायचा नसतो, हे शेतकऱ्यांच्या गावात वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट माप. बॉडीच्या चाकांच्या कमानी आणि चेसीची चाकं एका जागी आली पाहिजेत. मिनी-झेडमधे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ९०, ९४, ९८ मिलिमीटर असं बदलता येतं. आमच्या चेस्या साध्या, ९८च्या, न बदलणाऱ्या. चार मिलिमीटर चुकले तरी वळताना टायर कमानीला घासतो. आणखी एक, बॉडी चेसीवर आवळून बसवू नये, किंचित हलती ठेवावी. चेसीला थोडं पिळायची मोकळीक मिळाली की चारी चाकं फरशी धरतात.

चौथी गोष्ट मोडणं. १९७६ साली तामिया कंपनीने रिमोटची पहिली मोटार आणली, १/१२ मापाची पोर्शे ९३४. तिची बॉडी शोकेसमधे ठेवायच्या मॉडेलसारखीच कडक प्लॅस्टिकची होती. दिसायला देखणी, पण असलं प्लॅस्टिक जोरात आपटलं की तडकतं. पुढे शर्यतवाल्यांनी पॉलिकार्बोनेट धरलं. हे प्लॅस्टिक १९५३ मधे जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोघांनी स्वतंत्रपणे शोधलं. ते वाकतं, दबतं, परत जागेवर येतं. त्याला रंग आतून देतात, म्हणजे घासला तरी ओरखडा प्लॅस्टिकवर, रंग शाबूत. रंगाचा क्रमही उलटा, जे बाहेरून सगळ्यात वर दिसायला हवं ते आधी. पट्टे, नंबर आधी, मुख्य रंग नंतर, शेवटी मागे पांढरा हात. हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे मारू नये, वाकल्यावर त्याचे पोपडे निघतात. आणि थिनरने पुसायला तर जाऊच नये, पॉलिकार्बोनेटला त्याने तडे जातात.

इथपर्यंतचं कुणीही सांगेल. माझा मुद्दा यापुढचा आहे.

गेल्या पावसाळ्यात एका वडिलांनी मुलाला बाहेरून मागवलेली, अगदी बुटकी, पाचरीसारखी शर्यतीची बॉडी आणून दिली. हौसेने दिली, त्यात वाईट काही नाही. पण आठवडाभरात ते पोरगं सगळ्यांना मागे टाकायला लागलं आणि पुढच्या आठवड्यात बाकीच्यांनी घरी तगादा लावला, मलाही तस्लीच पायजे! दोघांनी तर यायचंच बंद केलं. त्यातला एक काळी-पिवळी चालवणाऱ्याचा मुलगा. त्याची बॉडी बापाच्या जीपसारखी होती, काळी, वर पिवळा टप, मागे लटकलेला एक माणूससुद्धा चिकटवलेला. हॉलमधली सगळ्यात देखणी गाडी ती, आणि आता ती रोज शेवटची.

जगभर हेच झालंय, बरं का. १/१० मापाच्या टुरिंग कार शर्यतीत वेगाच्या मागे लागून बॉड्या इतक्या चपट्या आणि एकसारख्या व्हायला लागल्या, की युरोपातल्या एफ्रा आणि अमेरिकेतल्या रोअर या संघटनांना मान्य बॉड्यांच्या याद्या कराव्या लागल्या. आणि तरी गंमत बघा, डॉज स्ट्रेटस नावाची अगदी साधी अमेरिकन सेडान रिमोटच्या ट्रॅकवर वर्षानुवर्षं सम्राट होती. खरी गाडी २००६ मधे बंदही झाली. ती कुणाला आवडत होती म्हणून नव्हे, तिच्या नावाच्या बॉडीचा आकार हवेत बरा पडायचा म्हणून सगळे तीच लावायचे. नुसता वेग बघितला की असं होतं. सगळ्यांच्या गाडीला एकच तोंड, आणि तेही कुणाच्या आवडीचं नाही.

म्हणून आम्ही नियम केले. मोठ्यांनी नव्हे, पोरांना बसवून, त्यांच्याकडून.

एक, बॉडीचं वजन ३० ग्रॅमच्या खाली नको. कमी भरली तर आत, अगदी खालच्या कडेला नाणं चिकटवायचं. वजन शनिवारी सराफाच्या काट्यावर.

दोन, उंच गाड्यांची शर्यत वेगळी. खरी जीप १.८५ मीटर उंच धरली तर आमच्या मापात ६६ मिलिमीटर. स्पोर्ट्स कार १.२ मीटरची, म्हणजे ४३. त्यांना एका ओळीत उभं करणं म्हणजे भरल्या ट्रॉलीला शंकरपटात उतरवणं.

तीन, विकतची बॉडी चालेल, पण महिन्यातली एक शर्यत फक्त हाताने केलेल्या बॉडीची.

तिसऱ्या नियमाला एका पालकाने हरकत घेतली, की हाताने बॉडी कशी करणार, मशीन लागतं. नाही लागत. सुताराकडून आंब्याच्या लाकडाचा ठोकळा गाडीच्या आकारात घासून घ्यायचा. त्यावर कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली, तळ कापून, चढवायची आणि हीट गनने शेकायची. बाटली कारखान्यात ताणून फुगवलेली असते, ७०-८० अंशांच्या वर गेली की ती परत आकसते आणि ठोकळ्याला घट्ट बसते. हीट गन मोठ्यांच्याच हातात. ठोकळा खालून वर निमुळता हवा, कुठे आत खोबण नको, नाहीतर बाटली निघत नाही. मग कात्रीने कापायची, आतून रंगवायची. पॉलिकार्बोनेटएवढी टिकत नाही, घडीवर चिरते. पण खर्च जवळजवळ शून्य, आणि ठोकळा एकदा झाला की चिरलेल्याच्या जागी दुसरी अर्ध्या तासात.

आणि यातूनच जे बाजारात कुठे मिळत नाही ते मिळतं. परदेशी याद्यांत फेरारी आहेत, पोर्शे आहेत. आमच्या पोरांनी अँबेसेडर केली (२०१४ मधे बनायची थांबली, या पोरांनी ती फक्त जुन्या सरकारी फोटोत पाहिलेली). एकाने मारुती ८०० करायला घेतली आणि गणित आडवं आलं. खऱ्या मापाने तिच्या चाकांतलं अंतर ७८ मिलिमीटर भरतं, आमची चेसी ९८ची. मग वीस मिलिमीटर ताणायची कुठे, यावर दोन संध्याकाळी खल झाला. शेवटी मागचं दार लांबवलं. ती आता मारुती ८०० दिसत नाही, पण ती कुणाची ते दारातूनच कळतं. जीपवाला परत आलाय, आणि उंच गाड्यांत तो पहिलाही येतो, अधूनमधून.

"पण मग शर्यत कसली? जो वेगवान तो जिंकणार, त्यात काय!" असं माझे एक मित्र म्हणतात. मी म्हणतो, वेग हवाच. पण तो बोटांचा असू दे, पाकिटाचा नको. वजन बांधून दिलं की उरतं ते वळणावर रिमोटचा खटका कधी सोडायचा याचं कसब. आणि चेहरा मोकळा सोडला की उरते ती ओळख. दोन्ही लागतात.

हे मी इतकं जोर देऊन का सांगतोय, त्याला आणखी एक कारण आहे. आमच्या नऊ पोरांपैकी दोघांचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक भरतात आणि अर्धी गल्ली रिकामी होते. त्यातला एक इथेच आजीजवळ राहतो. दुसरा सोबत जातो, थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. चेसी त्याला देता येत नाही, ती सगळ्यांची. यंदा निघताना त्याने आपली बॉडी मागितली. बाटलीचीच, लाल ट्रॅक्टर, मागे खरडलेला नंबर. मी म्हटलं, अरे, चाकं नाहीत, तिथे काय करशील हिचं? तर म्हणाला, "असू द्या की काका. माहीच हाय ती."

वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. तिथे फडावर, कोपीत, ती कुठे ठेवली असेल कोण जाणे. ती विकतची, वेगवान, सगळ्यांसारखी असती तर त्याने नेली असती का? मला नाही वाटत.

असो. तुळशीचं लग्न झालं, कार्यालय लग्नांना गेलं, केसिंग-पट्ट्या माळ्यावर पडल्या. आषाढी एकादशीनंतर पुन्हा सुरू. तोवर कुणाकडे टेम्पो ट्रॅव्हलरचं किंवा आपल्या लाल एसटीचं नीट मापाचं रेखाचित्र असेल तर जरूर पाठवा. एसटीची उंची ऐकून पोरांनी आत्ताच तिसऱ्या गटाची मागणी केली आहे!