एकट्या बाईचं भाडं

मुंबईत नव्याने आलेल्याने स्वस्त वस्ती कुठली असं विचारलं, तर उत्तर तयार असतं. पश्चिम रेल्वेवर नालासोपारा, विरार. मध्य रेल्वेवर कळवा, दिवा, बदलापूर. खाडीपलीकडे घणसोली, कोपरखैरणे. स्टेशनपासून जितकं आत जाल तितकं भाडं उतरतं. हे उत्तर खोटं नाही, पण ते पुरुषाला किंवा कुटुंबाला दिलेलं उत्तर आहे. आमच्या केंद्रात येणाऱ्या बायकांबरोबर खोल्या शोधत हिंडून माझं मत पक्कं झालं आहे, की एकट्या बाईचा स्वस्त वस्त्यांचा नकाशा निराळा असतो. स्त्री-संघटनांनी तो काढायचं मनावर घेतलेलं नाही.

हिशेबच मांडू. समजा, खोलीचं भाडं 7,000 रुपये. हातात आधी लागते अनामत, 30,000 तरी. एजंटाला एका महिन्याचं भाडं, शिवाय कराराचा खर्च आणि टेम्पो. अकरा महिन्यांनी मालक म्हणाला, ‘आता दुसरीकडे बघा’, की अनामत सोडून बाकी सगळं पुन्हा पहिल्यापासून. इथवरचा भार सगळ्यांनाच आहे. एकट्या बाईचा खर्च इथून पुढे सुरू होतो. आतल्या वस्तीत रात्री दहानंतर शेअर रिक्षा मिळत नाही, नळ आणि संडास चाळीच्या टोकाला. म्हणून ती स्टेशनजवळची महाग खोली घेते किंवा रात्रपाळी सोडून कमी पगारावर येते. विरार ते चर्चगेट सुमारे 60 किलोमीटर. 1992 साली चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तिचा उपयोग मोठाच. पण तो कचेरीच्या वेळा पाळणारीला. रुग्णालयातली आया किंवा हॉटेलातली सफाईवाली त्या वेळात बसत नाही.

पैशांनंतर चौकशी. ‘मिस्टर काय करतात?’ ‘घरी कोण कोण येणार?’ मग आडनाव. मुसलमान बाईला एजंट फोनवरच ‘खोली गेली’ सांगतो, दलित बाईला आडून आडून विचारून सांगतो, ईशान्येकडून आलेल्या मुलीला चेहरा बघून. शेवटी जो मालक ‘हो’ म्हणतो, तो भाडं वाढवून म्हणतो, आणि वर आपण उपकार केले असं समजतो.

एकट्या माणसाला सामावून घेणं या शहराला जमत नाही असं मात्र नाही. गिरणगावात कोकण-घाटावरून आलेले एकटे पुरुष एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत, आणि त्यांना जेवू घालायला बायकांच्या खानावळी होत्या. त्याच खानावळवाल्यांची संघटना प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने बांधली. एकट्या पुरुषाची सोय म्हणजे शहराची गरज, आणि एकटी बाई मात्र शहराची अडचण!

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे बायकांना माहीत नसतं, मालकाला चांगलं माहीत असतं. सोसायटीची ‘परवानगी’ हेही असंच थोतांड. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सभासदाने घर भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं आहे, भाडेकरणीच्या चारित्र्याची परीक्षा घ्यायला सांगितलेलं नाही. पण मालकाने ‘एकट्या बाईला देत नाही’ म्हटलं तर? घटनेच्या कलम 15 मधली भेदभावाची मनाई मुख्यतः शासनाला बांधते, खाजगी घरमालकाला नाही. केंद्राने 2021 साली आदर्श भाडे कायद्याचा मसुदा राज्यांना पाठवला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती ठेवली आहे, ते स्वागतार्हच. भेदभावाबद्दल मात्र त्यात काही नाही.

मालक म्हणजे नेहमी धनदांडगा असतो असंही समजू नये. पुष्कळदा ती खोली एखाद्या म्हाताऱ्या विधवेची असते आणि ते भाडं हेच तिचं पेन्शन. भाडेकरू निघणारच नाही ही तिची भीती जुन्या 1947 च्या कायद्यातून आलेली आहे. आजच्या कायद्याचं कलम 24 तिच्या बाजूने आहे: मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट भाडं पडतं. हे तिलाही कुणीतरी सांगायला हवं.

यात आपला काय संबंध, असं काही मैत्रिणी विचारतात. आपण मारहाण सोसणाऱ्या बाईला म्हणतो, ‘सोसू नकोस, बाहेर पड.’ बाहेर म्हणजे कुठे? 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. पर्यायी जागा किंवा तिचं भाडं द्यायला लावण्याचा अधिकारही कलम 19 मध्ये आहे, पण अर्ज लिहिताना आपणच तो मागायचा विसरतो. शिवाय हे सारे हक्क नात्यातून येतात. परित्यक्तांनी स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं, घरावर बायकोचं नाव लागावं म्हणून आपण झगडलो. भाड्याने राहणारी बाई कुठल्याच मागणीपत्रात नव्हती.

वसतिगृह हे उत्तर मला अपुरं वाटतं. केंद्राच्या ‘सखी निवास’ योजनेत आईबरोबर मुलगी अठराव्या वर्षापर्यंत, मुलगा बारापर्यंतच राहू शकतो. तेरा वर्षांच्या मुलाची आई कुठे जाईल? आणि अनेक वसतिगृहांत रात्री दार बंद होण्याची वेळ सासरच्यापेक्षा कडक असते. 2015 साली दिल्लीत ‘पिंजरा तोड’च्या मुलींनी याच कुलपाविरुद्ध आवाज उठवला.

म्हणून माझा आग्रह आहे, की प्रत्येक केंद्राने अनामतीसाठी फिरता निधी सुरू करावा. अनामत परत मिळते, तेव्हा पैसे बुडण्याची भीती कर्जाइतकी नाही. करारावर साक्षीदार म्हणून कार्यकर्तीने सही करावी, ‘ओळखीचं कोण?’ या प्रश्नाला बाईकडे उत्तर राहील. आणि कुठल्या गल्लीत, किती भाड्याने, कुठल्या अटीवर एकटीला जागा मिळाली, रिक्षा कितीपर्यंत मिळते, पाणी कधी येतं, याची एक वही ठेवावी. आमची वही सुरू आहे. पुणे, नाशिक, नागपूरच्या मैत्रिणींनी आपापली सुरू करून पुढच्या अंकासाठी त्यातली चार पानं जरूर पाठवावीत. मालकांची नावं मात्र गाळून.